घटनेचं ठिकाण : स्नानगृह

रविवार, ४ फेब्रुवारी

आत्या,

प्लास्टर वाळायला अर्धा तास लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेवढ्यात लिहिते. कागद मांडीवर आहे. शेजारी खार बसली आहे आणि मी लिहिते ते वाचते आहे. "खार लिहू नका, पूर्ण नाव लिहा," म्हणते. पूर्ण नाव फॉर्मवर लिहायचंच आहे. इथे खार.

डावा हात, मनगटाच्या जरा वर. हाड सरकलेलं नाही, सहा आठवड्यांत जुळेल म्हणाले. रडली नाही. एक्स-रे घरी न्यायला मिळेल का, असं दोनदा विचारून झालं.

खार नऊ वर्षांची. तिची धाकटी बहीण पाचची, सदा तिच्या मागे, म्हणून शेपूट. आमच्या अकरा मुलांत सख्ख्या बहिणी या दोघीच. चार महिन्यांपूर्वी मी या बालगृहाची अधीक्षिका झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी खारने मला बजावलं होतं, "आमच्या खाटा एकमेकींना चिकटून आहेत. त्या तशाच ठेवायच्या."

झालं असं. दुपारी मुलं तपासणी-तपासणी खेळत होती. खार तपासणीच्या बाई. तिने स्वयंपाकघर तपासलं, काकीची म्हणजे आमच्या स्वयंपाकीणबाईंची नखं तपासली, आणि मग कोठीच्या छपरावरच्या पाण्याच्या टाकीकडे वळली. शिडी लावलेलीच होती. कोणीतरी ती तिथे विसरलं होतं. वर नीट चढली. उतरताना चौथ्या पायरीवरून पडली. तीनला दहा मिनिटं कमी होती.

नियम तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तीस वर्षं बालकल्याणाच्या कचेरीत तू हेच अहवाल वाचलेस. मूल हॉस्पिटलात गेलं की चोवीस तासांत फॉर्म पोचला पाहिजे. म्हणजे उद्या दुपारी तीनच्या आत.

काकी इथे बाकावर बसली आहे आणि एकच सांगते आहे. "बाथरूम लिहा. मोठ्या बाई बाथरूमच लिहायच्या." मोठ्या बाई म्हणजे माझ्या आधीच्या. मी म्हटलं, पडली शिडीवरून. तर म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मोठ्या बाईंनी एकदाच खरं लिहिलं होतं. महिन्याभरात ते पोर उचलून मोठ्या संस्थेत नेलं."

मोठ्या संस्थेत सहा वर्षांच्या आतली मुलं घेत नाहीत. खारला नेलं तर शेपूट इथे राहील.

मागच्या महिन्यात कोठी आवरताना मला रबरी चटया सापडल्या होत्या, ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून अंथरतात त्या. अडतीस. कशासाठी ते आज कळलं. आठ वर्षांत अडतीस वेळा मुलं बाथरूममध्ये पडली आणि दर वेळी कचेरीने एक चटई पाठवली. आमच्याकडे बाथरूम दोन आहेत.

हे पत्र उद्या सकाळी पाववाल्याच्या गाडीतून तुझ्याकडे येईल. तुझं उत्तर मंगळवारच्या पावाबरोबर, म्हणजे फॉर्मची वेळ टळल्यावर. तरी लिहिते. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस.

ठमी


सोमवार, ५ फेब्रुवारी

ठमे,

मला व्यवस्थित ऐकू येतं. लोक पुटपुटतात.

पाववाला पत्र देऊन दारातच उभा राहिला आणि "पोरीचा हात कसा आहे?" म्हणाला. पुढच्या वेळी पाकीट चिकटव.

हे वाचशील तोवर तुझा फॉर्म गेलेला असणार, आणि त्यात बाथरूमच असणार. त्या काकीपुढे तुझं काही चालत नाही, हे तुझ्या प्रत्येक पत्रात दिसतं. तसं लिहिलं असशील तर उद्याच कचेरीत जा आणि फॉर्म परत माग. देत नाहीत म्हणतील. देतात. आणि काकीला सांग, झाकलेल्या मुठीला घाम येतो.

दुसरं. तुझ्या पत्रात सगळं नेमकं आहे. कोणता हात, कितवी पायरी, किती वाजता. एकाच ठिकाणी 'कोणीतरी'. तीस वर्षं अहवाल वाचून मला एवढं कळलं आहे की हा कोणीतरी प्रत्येक संस्थेत नोकरीला असतो. दार तोच उघडं टाकतो, उकळतं पाणी तोच खाली ठेवतो, आणि कधी रजेवर जात नाही. तुझ्याकडे त्याचं काम कोण करतं? लहानपणी बरणी फुटली की तू असंच बोलायचीस.

पोरगी रडली नाही म्हणून खूश होऊ नकोस. रडली असती तर बरं होतं.

आत्या

ता. क. ते बाथरूम कोणत्या वर्षापासून सुरू झालं, तेवढं जुन्या फाइलीत बघून कळव. सहज विचारते.


मंगळवार, ६ फेब्रुवारी

आत्या,

बाथरूम लिहिलं नाही. लिहिणार होते.

काल सकाळी फॉर्म घेऊन बसले. 'घटनेचे ठिकाण' याच्यापुढे चार चौकोन आहेत. स्नानगृह, जिना, रस्ता, इतर. पहिल्या तीनपुढे काही नाही. 'इतर'पुढे बारीक अक्षरात, 'चार प्रतींत निवेदन जोडावे, प्रत्यक्ष तपासणी होईल.' पेन स्नानगृहावर टेकवलं होतं. तेवढ्यात खार आली आणि शाई गळते आहे म्हणाली. खरंच गळत होती. तो फॉर्म फुकट गेला. दुसरा घेतला आणि 'इतर'वर खूण केली. चारही प्रती हाताने लिहिल्या, कारण आमचं झेरॉक्सचं यंत्र कागद गिळतं. अडीचला कचेरीत पोचले. खिडकीतल्या माणसाने 'इतर' पाहिलं आणि चष्मा पुसला. "याचा शिक्का शोधावा लागेल," म्हणाला. पंधरा मिनिटं शोधला. शेवटी हाताने लिहून पोच दिली.

पण चारही प्रतींत कोणीतरी होता. आज सकाळी तुझं पत्र वाचलं आणि परत कचेरीत गेले.

शिडी मी लावली होती. शनिवारी टाकीतून पाणी ठिबकत होतं म्हणून बघायला निघाले. दोन पायऱ्या चढले आणि आत फोन वाजला. उतरले ती उतरलेच. त्यानंतर शिडीसमोरून मी निदान दहा वेळा गेले असेन. पुरवणी निवेदनात एकच वाक्य लिहिलं, शिडी मी विसरले. चार प्रती. खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, आपण होऊन कशाला?" मी म्हटलं, घरच्यांनी वळण लावलंय.

काकीने अबोला धरला आहे. वाढते, पण ताट आदळते. आज एकदाच बोलली. "पोरीला न्यायला गाडी येईल तेव्हा धाकटीला काय सांगाल? चार प्रती लिहिल्या म्हणून?" याला माझ्याकडे उत्तर नाही, आत्या.

मी कोणालाच काही सांगितलेलं नाही. तरी काल संध्याकाळी शेपूट दप्तर भरून खाटेखाली ठेवत होती. कुठे निघालीस विचारलं, तर म्हणाली, "ताई जाईल तिथे."

तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. वर्ष बघायचं राहिलं.

ठमी


गुरुवार, ८ फेब्रुवारी

ठमे,

बरं केलंस. काकी बरी बाई दिसते. तिच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर नाही म्हणून सांग, तिला ते चालेल.

तपासणीआधी मुलांना काही शिकवू नकोस. एक शब्दही नाही. शिकवलेलं मूल तपासणाऱ्याला दारातूनच कळतं.

वर्ष कळव.

आत्या


मंगळवार, १३ फेब्रुवारी

आत्या,

तपासणीच्या बाई दहाला आल्या आणि पाचला गेल्या. तरुण आहेत, तुझ्या निवृत्तीनंतर लागल्या असाव्यात. हसत नाहीत. आधी बाथरूम दाखवा म्हणाल्या. दोन्ही पाहिली, फरशीवरून बूट घासून पाहिला. "इतकं कोरडं बाथरूम मी कुठल्या संस्थेत पाहिलेलं नाही," म्हणाल्या.

मग मुलांना एकेक करून माझ्या खोलीत बोलावलं. दार उघडं, मी आणि काकी बाहेर. तू सांगितलंस तसं मी काही शिकवलं नव्हतं. शिकवून आधीच झालं होतं.

पहिला गोट्या. खारला कसं लागलं? "बाथरूममध्ये पाय घसरला." दुसऱ्याने तेच सांगितलं. तिसऱ्याला त्यांनी गुडघ्याबद्दल विचारलं. "बाथरूममध्ये पाय घसरला." चौथ्याला सर्दी झाली आहे. कशाने झाली, असं त्यांनी विचारलं. त्याने नाक ओढलं आणि म्हणाला, "बाथरूममध्ये पाय घसरला." काकीने कपाळावर हात मारून घेतला. खारसुद्धा तेच म्हणाली, प्लास्टर मांडीवर घेऊन, माझ्याकडे बघत. मला वाचवत होती.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "तुमच्या निवेदनात शिडी आहे. दहा मुलं बाथरूम म्हणतात. कोणी शिकवलं यांना?"

मी म्हटलं, "घराने."

"तसं लिहू?"

 त्यांनी टोपण परत काढलं. आत्या, तेव्हा मला वाटलं, खार तर जातेच, बाकीची दहाही जातात.

उरली होती शेपूट. खुर्चीवर चढली, पाय हलवले, आणि काही विचारायच्या आत म्हणाली, "ताईच्या वहीत आहे."

"शेपटे, गप," खार दारातून म्हणाली.

शेपूट उतरली, आतल्या खोलीत गेली आणि गादीखालून वही घेऊन आली. तपासणीच्या खेळाची वही. खार ती दोन वर्षं लिहिते आहे आणि आम्हाला कोणाला पत्ता नाही. थोडं उतरवून घेतलं आहे.

'गोट्या झोपाळ्यावरून पडला. रडला. थांबला. मोठ्या बाईंनी बाथरूम लिहिलं. झोपाळ्याची कडी सैल आहे.'

'कडी अजून सैल आहे.'

'काकीने दूध करपवलं. कोणाला सांगायचं नाही म्हणाली. मी सांगितलं नाही, लिहिलं.'

'नवीन बाई आल्या. बऱ्या आहेत. विसरतात.'

आणि सगळ्यांत शेवटी, 'नवीन बाई शिडी विसरल्या. मी त्यांना आठवण केली नाही कारण मला चढायचं होतं. टाकीला झाकण नाही. आत एक चप्पल आहे. आपण हे पाणी पितो. तपासणीच्या बाई कधी वर जात नाहीत. माझा डावा हात मोडला. उजव्याने लिहिते.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग वाकून बूट काढले आणि शिडी कुठे आहे विचारलं.

मी शिडी धरली. बाई मोज्यांवर वर चढल्या. खार खाली उभी राहून सांगत होती, "दोन्ही हातांनी धरा. मी एकाच हाताने धरलं होतं." वरून चप्पल अंगणात पडली. पाण्याने फुगलेली, हिरवी. काकी पुढे झाली, तिने ती उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "ही माझी." दीड वर्षापूर्वी वाळत टाकली होती, कुत्र्याने नेली असं धरून ती त्या कुत्र्याला आजतागायत शिव्या देत आली. टाकीत कशी गेली ते वहीत सापडेल, असं गोट्या म्हणाला आणि पळाला. बाई वरच्या पायरीवर थांबल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. उतरल्या तेव्हा चेहरा परत सरळ होता.

वही बरोबर नेली. खारने पोच मागितली. बाईंनी लिहून दिली, सहीशिक्क्यानिशी. जाताना मला म्हणाल्या, "मुलीला हलवायचं की नाही ते मी ठरवत नाही. मी लिहिते. वरचे ठरवतात. जुन्या अहवालांची फाइल परवा दुपारपर्यंत पाठवा."

ती फाइल आज काढली. तुझं वर्ष मिळालं. आठ वर्षांपूर्वीचा जून. पहिल्या बाथरूमच्या अहवालाला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली आहे. 'इतर लिहिलं की मूल हलवतात. यापुढे स्नानगृह लिहा, मी लगेच मंजूर करते.' खाली सही नाही. अक्षर मी ओळखलं. माझ्या वाढदिवसाच्या सगळ्या पत्रांवर तेच आहे.

टाचणी गंजली आहे. अलगद निघेल. काढू का? परवा सकाळच्या पावाबरोबर कळव.

ठमी


बुधवार, १४ फेब्रुवारी

ठमे,

काढू नकोस.

तो मुलगा सात वर्षांचा होता. मोठ्या बाईंनी खरं लिहिलं, मी 'इतर'चा शिक्का मारला, आणि त्याला हलवायचा हुकूम निघाला. गाडी उशिरा आली. तासभर तो माझ्या टेबलासमोर बसला होता. शिक्के कसे मारतात ते त्याला बघायचं होतं. मी त्याला कोऱ्या कागदावर मारू दिले. तो गेल्यावर ती चिठ्ठी लिहिली. मला वाटलं, मी मुलांना वाचवते आहे. मग दर वेळी चटई मंजूर करत गेले. ही मुलं अंघोळ फार करतात, एवढंही कधी मनात आलं नाही. न यायला मी शिकले होते.

दिवसभर त्या अडतीसांचा विचार केला. बहुतेक झोपाळ्यावरून, झाडावरून, भांडणात पडली असतील. पण एखाद्याचं दुखणं घसरण्याचं नसेल, पडण्याचंही नसेल, आणि त्याला कोणीतरी दार लावून विचारायला हवं होतं. त्याच्याकडे मी चटई पाठवली. तू मला 'कोणीतरी'वरून बोलू दिलंस, याबद्दल मी तुझी ऋणी आहे. मला लाज वाटते आहे आणि बरंही वाटतं आहे. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे या वयात कळलं.

उद्या पाववाल्याच्या गाडीने कचेरीत जाते. पुढची जागा त्याने रिकामी ठेवली आहे. निवेदन लिहून झालं, चार प्रती. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, चिठ्ठी माझी, त्या घराला यात दोष देऊ नका, मुलांना ते मी शिकवलं. दुसरी, 'इतर'चा शिक्का डाव्या खणात, मागे आहे. मीच तिथे टाकला होता.

आणि मला उजव्या कानाने काही ऐकू येत नाही. आठ वर्षं झाली असतील त्यालाही.

आत्या


गुरुवार, २२ फेब्रुवारी

आत्या,

हुकूम आज दुपारी आला. मी तो जेवणाच्या खोलीत उभ्याने वाचला, मुलं ताटांपुढे.

भाषा तुमच्या कचेरीचीच आहे, तेव्हा तुला सोपी करून सांगते. टाकीला आठ दिवसांत झाकण. झोपाळ्याची कडी बदलायची, तोवर झोपाळा वापरायचा नाही. शिडीला साखळी आणि कुलूप, किल्ली माझ्याकडे, आणि ती माझ्याकडे आहे याची रोज नोंद. अधीक्षिकेला लेखी ताकीद. ती माझ्या कागदपत्रांत कायम राहील. राहू दे, बरोबरच आहे. अडतीस जुने अहवाल पुन्हा उघडायचे. ती मुलं आता जिथे असतील तिथे जाऊन, प्रत्येकाला एकट्याने भेटून विचारायचं. त्या कामाला जुनी माहितगार व्यक्ती म्हणून तुला बोलावलं आहे, हे मला हुकूम यायच्या आधीच पाववाल्याकडून कळलं होतं.

शेवटचं कलम मी आधी मनातच वाचलं आणि खुर्ची ओढून बसले. काकीने पाणी दिलं. मग मोठ्याने वाचलं. 'मुलीचे स्थान बदलण्याचे कारण दिसत नाही. धाकट्या बहिणीसोबत राहणे हा तिच्या सुरक्षिततेचाच भाग समजण्यात यावा.'

कोणाला काही कळलं नाही.  शेपटीने विचारलं, "म्हणजे काय?"

खार म्हणाली, "म्हणजे इथेच."

"दोघी?"

"दोघी."

मग खार रडली. अठरा दिवसांनी. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, प्लास्टरचा हात वर धरून. शेपूट घाबरून तिच्याबरोबर रडली, मग गोट्या रडला, त्याला तर काही कारणच नव्हतं. काकीने सगळ्यांना एकेक धपाटा दिला आणि सगळ्यांना पुन्हा वाढलं. ताटं हळू ठेवली. माझ्याजवळ आली तेव्हा म्हणाली, "मी म्हणतच होते, खरं ते लिहा." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती चेष्टा करत नव्हती.

संध्याकाळी शेपटीने खाटेखालचं दप्तर बाहेर काढून उपडं केलं. एक मोजा, दोघींचे दात घासायचे ब्रश, आणि दगड झालेला अर्धा पाव. ब्रश दोन आठवडे हरवले होते म्हणून आम्ही नवे आणले होते. आता दोघींकडे दोन-दोन आहेत, आणि बाकीच्या नऊजणांना हा अन्याय वाटतो.

वही परत आली. बाईंनी शेवटच्या पानावर लिहिलं आहे, 'नोंदी स्पष्ट आहेत. तारखा घालाव्यात.' खारने सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मग मला विचारलं, ही शाबासकी आहे की ताकीद. मी म्हटलं, दोन्ही. तिला ते पटलं नाही.

तू रविवारी ये. डाव्या बाजूला बसेन.

ठमी

शुक्रवार, सकाळ. पावणेआठला दोघी शाळेत गेल्या. जाताना भांडत होत्या.